धुक्यात वाहिलेल्या फळ्या

सभासद सव्वीस. त्यांतले दोघे पाद्र्यांचे जावई, म्हणजे रविवारी सकाळी त्यांची सुटका नाही. उरले चोवीस. माणशी दोन कप कॉफी, एक चढताना आणि एक उतरताना. उतरताना गुडघे लटपटत असतात, तेव्हा माणूस टेकतोच, आणि टेकला की वॅफल मागतोच. सप्टेंबर ते मार्च अठ्ठावीस रविवार. निम्मे पावसाने खाल्ले असं धरलं, तरी चौदा कुठे जात नाहीत.

सिनेव्हा ब्रेक्केने हा हिशेब गायीचं दूध काढता काढता मांडला आणि दुधाची बादली घेऊन आत येताच नवऱ्याला ऐकवला. मोन्स खोगिराचा पट्टा शिवत बसला होता. त्याने तो शिवून पूर्ण केला, दोरा दाताने तोडला आणि मग विचारलं, "कप किती आणलेस?"

"बारा."

"माणसं चोवीस."

"मग? बारा जण पितील, बारा जण उभे राहतील. उभा राहिलेला माणूस बोलतो, मोन्स. हातात कप असलेला नुसता फुंकर घालतो."

मोन्सने मान हलवली. हिशेबातली जी रक्कम तिने तोंडाने सांगितली नव्हती, ती त्याला कळली. बर्गन शहराच्या डोक्यावर, वाटेवरचं शेवटचं घर त्यांचं. खाली शहरात तिचं लोणी विकलं जाई, पण हिवाळ्यात वर कोणी येत नसे. मुलगी आन्ना चार वर्षांपूर्वी अमेरिकेला गेली, तेव्हापासून घरात बोलणारं माणूस एकच उरलं होतं, आणि ते मोन्स नव्हतं. गेल्या वर्षी नोव्हेंबर ते मार्च दारात आलेले पाहुणे सिनेव्हाने मोजले होते: मेंढ्यांचे कान तपासणारा सरकारी माणूस, आणि वाट चुकलेला एक पियानो शिक्षक.

आता स्की क्लब निघाला होता.

क्लब निघाला तो चिडून. राजधानीच्या एका वर्तमानपत्राने लिहिलं की बर्गनच्या माणसाला पाण्याचे सगळे प्रकार ठाऊक आहेत, फक्त गोठलेलं सोडून. त्याला स्की दिली तर तो ती वल्हं म्हणून वापरील. बर्गनच्या माणसाला पावसावरून बोललेलं चालतं, कारण पाऊस त्याचा स्वतःचा आहे. पण राजधानीने बोललेलं चालत नाही. आठवड्याच्या आत क्लब उभा राहिला. अध्यक्ष झाले तांगेवाल्ड मास्तर, मुलांच्या शाळेत भूगोल आणि कवायत शिकवणारे. ते शहराच्या उत्तर भागात राहत. उपाध्यक्ष झाले दक्षिण भागातले छत्र्यांचे व्यापारी व्हेसिंग. बर्फ पडू लागला तर त्यांची एकही छत्री खपणार नव्हती, आणि हा त्याग ते दर सभेत बोलून दाखवत. सव्वीसपैकी तेरा उत्तरेचे, तेरा दक्षिणेचे. हे मुद्दाम केलेलं नव्हतं. पण झालं ते बरंच झालं असं दोन्ही बाजूंना वाटत होतं.

डोंगरावर क्लबघर बांधायचं ठरलं, आणि सभेने नियम केला: दर रविवारी प्रत्येक सभासदाने एक फळी स्वतःच्या पाठीवर वाहून पठारावरच्या दगडराशीपाशी ठेवायची. मजूर नाही, घोडा नाही. पूर्वी मेंढपाळांनी धुक्यात वाट सापडावी म्हणून दगड रचून ठेवले होते, ती ही रास. मोन्सचा तांबडा घोडा आठवड्याभरात सगळं वर नेऊ शकला असता, आणि मोन्सने तसं सांगितलंही. मास्तर म्हणाले, "मोन्स, घोड्याने बांधलेलं घर घोड्याचं असतं." मोन्सला ते पटलं नाही, पण घोड्याला विचारायची सोय नव्हती.

पहिला रविवार उजाडला तो धुक्यात. दहा वाजता मास्तर बारा जणांसकट दारात आले, चर्च बुडवून आलेला पाद्र्याचा जावईही त्यांत, पाठीवर फळ्या, मिशांवर दव.

"बाकीचे?" सिनेव्हाने विचारलं.

"व्हेसिंगची मंडळी? दुसऱ्या वाटेने येणार म्हणत होते." मास्तरांनी कपात साखरेचे चार खडे टाकले. "दक्षिणेच्या माणसाचं 'येणार' म्हणजे हवामानाचा अंदाज. ऐकायचा आणि छत्री घेऊन निघायचं."

सगळे हसले. तेरा कप चढताना, तेरा उतरताना, आणि वॅफलं एकोणीस. पोस्टातला एक लाजाळू कारकून, हाल्वर नावाचा, क्लबचा चिटणीस होता. तो एकटा पाच खाऊन गेला. सिनेव्हाला वाटलं, निम्मंच पीक आलंय, पण आलंय तरी.

दुसऱ्या आठवड्यात दोन मेंढ्या हरवल्या, म्हणून ती पठारावर गेली. उत्तरेची दगडरास ओलांडली, तिच्या पायथ्याशी मास्तरांच्या फळ्या ताडपत्रीखाली नीट रचलेल्या होत्या. मग खळग्यात उतरली, पलीकडे चढली, आणि पठाराच्या दक्षिण टोकाला असलेल्या दुसऱ्या दगडराशीपाशी पोचली. मेंढ्या तिथेच होत्या. एक मेंढी ताडपत्री चघळत होती. ताडपत्रीखाली तेरा नव्या कोऱ्या फळ्या, आणि वर ओळखीची खूण म्हणून खोचलेली एक काळी छत्री.

तिला सगळं एका क्षणात कळलं. नियमात लिहिलं होतं 'दगडराशीपाशी'. उत्तरेच्या माणसाने आयुष्यात एकच दगडरास पाहिली होती, दक्षिणेच्या माणसानेही एकच. आपल्या गल्लीबाहेरही शहर असतं हे बर्गनमध्ये ऐकून सगळ्यांना माहीत असतं, पण तपासायला कोणी जात नाही. आणि धुक्यात वाट विचारणं? बर्गनचा माणूस बंदरात बुडेल, पण किनारा कुठल्या हाताला हे विचारणार नाही.

"सांगशील त्यांना?" मोन्सने संध्याकाळी विचारलं.

"सांगितलं तर सभा घेतील. सभा घेतली तर एक रास निवडतील. दक्षिणेची निवडली तर सगळे सव्वीस त्या वाटेने जातील, आणि मी इथे बारा कप पुसत बसेन." तिने मेंढीच्या दातांतून सोडवलेला ताडपत्रीचा तुकडा चुलीत टाकला. "तेरा हातात आहेत. सव्विसांच्या मागे लागून तेरा घालवू?"

मोन्सने खोगीर पुन्हा पुढ्यात ओढलं. त्याचं न बोलणंही अनेक प्रकारचं असे. हे नाराजीचं होतं.

आठ रविवार धुकं उठलं नाही. दर शनिवारी सभेत हाल्वर वही वाचे: आजअखेर बावन्न, आजअखेर एकशे चार. दोन्ही बाजूंचे लोक मनात हसत. मास्तरांच्या मंडळींनी आपल्या ढिगात कधी दक्षिणेची एक फळी पाहिली नव्हती, आणि व्हेसिंगच्या मंडळींनी उत्तरेची. म्हणजे समोरचे लोक फळ्या डोंगरावर नव्हे, वहीतच वाहतात, अशी दोघांचीही खात्री झाली होती. पण कोणी बोललं नाही. असा पुरावा योग्य दिवसासाठी जपून ठेवायचा असतो.

तो दिवस नोव्हेंबर लागताच आला. रात्री कडक थंडी पडली आणि सकाळी आभाळ घासलेल्या ताटासारखं लख्ख झालं. सिनेव्हाने दूध तसंच ठेवलं, शाल घेतली आणि मास्तरांच्या मागोमाग वर गेली. आज फुटणार हे तिला माहीत होतं, आणि फुटताना आपण घरात असावं हे तिला जमणारं नव्हतं.

मास्तरांनी त्या दिवशीच्या फळ्या बाजूला ठेवून जुना ढीग मोजला. "एकशे चार! वहीत किती, हाल्वर?"

"दोनशे आठ."

"मी म्हणत नव्हतो? निम्म्या फळ्या शाईच्या!"

"मास्तर," कोणीतरी म्हणालं, "ते पलीकडे कोण उभे आहेत?"

पठाराच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या राशीपाशी, माणसांचा एक घोळका होता आणि शेजारी फळ्यांचा ढीग.

"दुसरा क्लब!" मास्तर लाल झाले. "आमची नक्कल! आमचा डोंगर, आमची कल्पना, आणि फळ्यासुद्धा तशाच—"

तेवढ्यात पलीकडच्या घोळक्यातून एक काळी छत्री उघडली गेली आणि इशारा करावा तशी वर-खाली हलली. ढग नसताना छत्री उघडणारा माणूस अख्ख्या शहरात एकच होता.

दोन्ही घोळके निघाले आणि मधल्या खळग्यात, मोन्सच्या कुरणात, समोरासमोर आले.

"तुम्ही चुकलात, व्हेसिंग."

"आम्ही? आमच्या राशीवर माझ्या आजोबांनी दगड ठेवलाय!"

"मग आजोबाही चुकले. आमच्या राशीवरून सगळं शहर दिसतं."

"आमच्यावरून समुद्र दिसतो."

"कधीपासून? आज सकाळपासून?"

"निदान आमच्या फळ्या सरळ रचल्यात. तुमच्या ढिगाकडे बघितलं तर वाटतं, जहाज फुटलंय."

"मग आणा तुमच्या सरळ फळ्या आमच्याकडे!"

"दुसऱ्याच्या चुकीचं ओझं आम्ही वाहणार नाही."

"आम्हीही नाही."

राशी-राशीत अंतर अर्ध्या तासाचं होतं. पण एकशे चार फळ्या पुन्हा पाठीवर घ्यायच्या म्हणजे एकशे चार वेळा कबूल करायचं की आपण चुकलो. मग व्हेसिंगची नजर तिच्याकडे वळली. "सिनेव्हाबाई, तुम्ही तर इथेच राहता. तुम्हाला काही दिसलं नाही?"

"धुकं होतं," सिनेव्हा म्हणाली.

पुढच्या आठवड्यात बर्फ पडला, चांगला गुडघाभर. शहरातल्या मुलांनी पिंपाच्या पट्ट्या पायाला बांधून घसरगुंड्या केल्या, पण स्की क्लबाच्या एकाही माणसाने स्की लावली नाही. निर्णय होईपर्यंत डोंगरावर पाऊल टाकणं म्हणजे हार मानणं, असं दोन्ही बाजूंनी ठरवलं होतं. तीन रविवार गेले. बारा कप फळीवर ओळीने पालथे होते. सिनेव्हाने ते दोनदा धुतले, घाण झाले नव्हते तरी. मग लोणी विकायला खाली गेली तेव्हा कळलं की गुरुवारी सभा आहे आणि विषय एकच आहे: क्लब मोडणे.

घरी आल्यावर तिने शालसुद्धा काढली नाही. "मोन्स, क्लब मोडतोय."

"खोटं बोललीस ना तिथे."

"बोलले. मी खरं बोलले असते तर काय, त्यांनी फळ्या उचलल्या असत्या?"

"नाही. पण आता बोललीस तर त्यांना भांडायला तिसरं माणूस मिळेल." एका दमात मोन्स इतका बोलला, ते आन्नाच्या बारशानंतर पहिल्यांदाच.

सिनेव्हा चुलीपाशी बसली. तिसऱ्यावर तोंड सोडायला मिळालं तर दोघं एक होतील, हे खरं. पण एक होऊन जातील कुठे? एक जागा अशी हवी, जिथे जाताना दोघांना सारखंच ओझं आणि सारखीच नामुष्की. तशी जागा एकच होती. तिने मोन्सकडे पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलंय हे तिला दिसलं.

"खळग्यातलं कुरण," ती म्हणाली.

त्यांच्या सगळ्या जमिनीत तेवढाच तुकडा होता जिथे गवत कमरेपर्यंत वाढे. वर्षाला दोन गाड्या. मोन्स चुलीतल्या निखाऱ्यांकडे बघत राहिला, आणि हे न बोलणं तिला ओळखता येईना.

"घोडा काय खाईल?" शेवटी तो म्हणाला.

"शेजाऱ्याकडून घेऊ. कॉफीच्या पैशांतून."

"हं," मोन्स म्हणाला, उठला आणि घोड्याला ही बातमी द्यायला गोठ्यात गेला.

गुरुवारी संध्याकाळी शाळेच्या कवायतीच्या हॉलमध्ये उत्तर बाजू एका भिंतीला आणि दक्षिण बाजू दुसऱ्या भिंतीला बसली होती. मधे वही घेऊन हाल्वर. सिनेव्हा दार ढकलून आत आली.

"बाई, ही सभा सभासदांची आहे," मास्तर म्हणाले.

"मला सभासद समजू नका. साक्षीदार समजा." ती हाल्वरच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. "मला दुसऱ्या आठवड्यापासून माहीत होतं. दोन राशी, दोन ढीग. त्या दिवशी मी खोटं बोलले."

दोन्ही भिंतींना एकदमच आवाज फुटला.

"आठ आठवडे!"

"पाठी मोडल्या आमच्या!"

"आणि वर कॉफीचे पैसे घेत होतात!"

"विश्वासघात!" व्हेसिंग ओरडले. "अगदी हेच म्हणतो मी," मास्तर म्हणाले, आणि स्थापनेनंतर पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. "आठ आठवडे तुम्ही गप्प बसलात, बाई!"

"आठ आठवडे तुम्ही विचारलं नाहीत, मास्तर. दर रविवारी तेरा माणसं माझ्या दारात थांबली. कॉफी मागितली, साखर मागितली, हाल्वरने पाचवं वॅफल मागितलं. वाट कोणी विचारली नाही. भूगोलाच्या मास्तरांनीसुद्धा नाही."

हाल्वरला हसू आलं. त्याने ते वहीत लपवलं, पण खांदे लपेनात. मग दक्षिणेच्या भिंतीला कोणीतरी हसलं, मग उत्तरेच्या. हसू ओसरेपर्यंत सिनेव्हा थांबली.

"खळग्यातलं कुरण मोन्स देतोय. दोन्ही राशींपासून सारखंच दूर. तुम्ही तुमच्या फळ्या खाली आणा, तुम्ही तुमच्या. कोणी कोणाकडे जायचं नाही. मला फक्त चुलीची किल्ली हवी. रविवारी कॉफी मी करणार."

"पण खळग्यातून समुद्र दिसत नाही," व्हेसिंग म्हणाले.

"शहरही नाही," मास्तर म्हणाले.

"आठ आठवडे तुम्हाला हातातली फळी दिसत नव्हती," सिनेव्हा म्हणाली. "तेव्हा कोणी तक्रार केली नाही."

मत घेतलं. उत्तर जिंकली नव्हती, दक्षिणही जिंकली नव्हती. बर्गनमध्ये याला एकमत म्हणतात. पण तिला मोकळं सोडायचं नाही, यावरही एकमत झालं. मास्तरांनी दंड सुचवला, व्हेसिंगनी अनुमोदन दिलं: गप्प राहिलेल्या आठ रविवारांच्या आठ फळ्या, तिच्या पाठीवर, शहरापासून खळग्यापर्यंत. घोडा नाही.

"आणि फळ्या वाहणारा तो सभासद, असा नियम आहे," हाल्वर वहीतून वर न बघता म्हणाला. "म्हणजे बाईंचं नाव लिहावं लागेल. सत्तावीस."

बाई सभासद असू शकत नाही असं नियमात कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहायचं कोणाला सुचलंच नव्हतं.

नाताळच्या आधी भिंती उभ्या राहिल्या. सिनेव्हाने आठही फळ्या वाहिल्या. दर वेळी मोन्स मागून रिकाम्या हातांनी चालत होता, कारण नियम म्हणजे नियम. छत चढलं त्या दिवशी तिने रिवाजाप्रमाणे सगळ्यांना साईची लापशी खाऊ घातली, वर लोण्याचं तळं आणि दालचिनी. क्लबघराला एकच खिडकी होती आणि तिच्यातून एक उतार आणि मोन्सची गाय दिसे.

नाताळात नेहमीसारखा पाऊस आला. तीन दिवस कोसळला. उत्तरेची रास काळी झाली, दक्षिणेची रास काळी झाली. माथ्यांवरचा बर्फ वाऱ्याने आणि पाण्याने धुऊन नेला. चौथ्या दिवशी मास्तर आणि व्हेसिंग दोघं दोन वाटांनी वर आले, क्लब कसा बुडाला ते बघायला. खळग्यात बर्फ होता. वारा तिथे पोचत नव्हता, ऊन उशिरा पोचत होतं, आणि दोन्ही उतारांवरून उडालेला बर्फ तिथेच येऊन पडला होता. दोघं दारात उभे राहून बघत होते.

"हे मी आधीच म्हटलं होतं," व्हेसिंग म्हणाले.

"कधी?"

"मनात."

"मनातल्या सभेला मीही हजर होतो," मास्तर म्हणाले, आणि आत जाऊन दोघांनी एकाच बाकावर बसून कॉफी मागितली.

फेब्रुवारीत पहिली शर्यत झाली. बारा उतरले, सात उभे राहून पोचले, हाल्वर पहिला आला. बक्षीस छत्री होती. राजधानीच्या त्या वर्तमानपत्राने तीन ओळी छापल्या, आणि त्यांत वल्ह्याचा उल्लेख नव्हता. पुढच्या हिवाळ्यात सभासद एकसष्ट झाले, त्यांत नऊ बायका. सिनेव्हाने कप चोवीसच केले. वाट बघत उभे राहणारे कमी होऊ नयेत, इतकी काळजी तिने घेतली.

आता कोणी काय दिलं ते पाहू. व्हेसिंगनी समुद्र दिला, आणि दर वर्षी एक छत्री. मास्तरांनी शहर दिलं, आणि भूगोलावरचा आपला शेवटचा शब्द. सिनेव्हाने आठ फळ्या आणि एक खरं वाक्य दिलं. त्यांतलं जड कोणतं हे तिने कधी सांगितलं नाही. मोन्सने कुरण दिलं, म्हणजे वर्षाला दोन गाड्या गवत, आणि दर उन्हाळ्यात शेजाऱ्याला त्याची किंमत. शिवाय दर रविवारी तो वर येई, चुलीजवळच्या कोपऱ्यात बसे आणि डब्यात दहा ओरचं नाणं टाकून कॉफी घेई.

"तू कशाला देतोस? घरी फुकट मिळते," सिनेव्हा म्हणे.

"घरी तू अशी हसत नाहीस," मोन्स म्हणे. आणि संध्याकाळी तोच डबा काखोटीला मारून, तो तिच्या मागोमाग घरी जाई.

म्हणजे तिच्या हसण्याचे पैसे भरले ते मोन्सने. एकट्याने. आणि दर आठवड्याला.